आर्बाँचं घराणं

शाळेच्या, पोलिसांच्या किंवा चर्चच्या बँडमध्ये कधीकाळी ट्रम्पेट वाजवलेला माणूस पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा वाद्य हातात घेतो, तेव्हा बोटांना बरंच काही आठवत असतं. पिस्टन पूर्वीसारखे झरझर खाली-वर होतात. ओठांची गोष्ट वेगळी. दहा मिनिटांत ओठांभोवतीचे स्नायू ढिले पडतात, वरचे स्वर फुटू लागतात, मग माउथपीस दातांवर दाबला जातो आणि ओठ बधिर होतात. तरीही असा माणूस जुनं सरावाचं पुस्तक काढतो आणि जिथे सोडलं होतं तिथूनच, म्हणजे सगळ्यात अवघड पानापासून, सुरुवात करतो. महिनाभरात उमेद खचते. ट्रम्पेटचं प्रत्येक नावाजलेलं सरावपुस्तक कुणाच्या तरी नेमक्या गरजेतून जन्माला आलं आहे. ती गरज कोणती होती हे कळलं, तर आज आपल्याला कोणतं पुस्तक हवं हेही कळतं.

दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत ट्रम्पेट म्हणजे वळवलेली एक लांब नळी. अशा नळीतून तिच्या लांबीचे नैसर्गिक स्वर तेवढे निघतात. खालच्या पट्टीत त्यांच्यात मोठी अंतरं असतात, वर गेलं की ते जवळजवळ येतात. म्हणून बाखच्या काळातले वादक सलग सुरावट वाजवायची तर उंच चढत. चेझारे बेंदिनेल्लीचं 1614 सालचं हस्तलिखित आणि जिरोलामो फांतिनीचं 1638 साली छापलेलं पुस्तक, दोन्ही याच वाद्यासाठी लिहिलेली आहेत.

1818 साली हाइनरिष श्टोल्त्सेल आणि फ्रीडरिष ब्लूमेल यांनी प्रशियात नळीची लांबी बदलणाऱ्या व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. पुढे 1839च्या सुमारास पॅरिसच्या फ्रांस्वा पेरिनेने पिस्टनला जवळपास आजचं रूप दिलं. मधला पिस्टन दाबला की स्वर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिल्याने एका स्वराने, तिसऱ्याने दीड स्वराने. तिन्हींच्या मेळातून नळीच्या सात वेगवेगळ्या लांब्या मिळतात आणि सगळे बारा स्वर हाताशी येतात. वाद्य बदललं, पण ते शिकवायचं कसं, हा प्रश्न उरला.

त्याचं उत्तर दिलं ज्याँ-बातिस्त आर्बाँ याने. 1825 साली लियाँमध्ये जन्मलेला आर्बाँ पॅरिस कॉन्झर्व्हेटॉयरमध्ये दोवेर्नेच्या हाताखाली व्हॉल्व्ह नसलेला ट्रम्पेट शिकला, पण त्याचं मन बसलं कॉर्नेटवर. पिस्टन लावलेलं हे आखूड, चपळ वाद्य नाचाच्या मैफलींत लोकप्रिय होतं, पण शास्त्रीय संगीताच्या दरबारात त्याला मान नव्हता. व्हायोलिन आणि बासरी यांच्या पंक्तीला कॉर्नेटला बसवायचं, हा आर्बाँने ध्यास घेतला. 1857 मध्ये तो लष्करी बँडच्या शाळेत सॅक्सहॉर्न या पितळी वाद्याचा अध्यापक झाला. 1864 मध्ये त्याचा महाग्रंथ आला आणि 1869 मध्ये कॉन्झर्व्हेटॉयरने कॉर्नेटचा स्वतंत्र वर्ग त्याच्याकडे सोपवला.

आज जगभरचे ट्रम्पेटवादक ज्याला नुसतं ‘आर्बाँ’ म्हणतात, तो हा ग्रंथ. पहिला स्वर कसा काढावा इथपासून तो सुरू होतो. स्वर जोडणं, सप्तकं, अलंकार, दोन स्वरांमधल्या उड्या, असं एकेक प्रकरण घोटून घेतो. तिहेरी जिभेचं प्रकरण तर जवळून पाहण्यासारखं आहे. ‘तु-तु-कु’ ही अक्षरं जिभेने उच्चारत तीन झटपट स्वर काढायचे. ‘तु’ जिभेच्या टोकाने आणि ‘कु’ घशाजवळून निघत असल्याने तिसरा स्वर हमखास दुबळा पडतो. म्हणून आधी संथ लयीत तिन्ही अक्षरं सारख्या वजनाची करून घ्यायची, लय नंतर वाढवायची. पुढे सुरावटी नेटकेपणाने गाण्यासारख्या वाजवायला शिकवणाऱ्या दीडशे धुना येतात, आणि शेवटाकडे चौदा मोठे एट्यूड.

एट्यूड हा प्रकार आपल्या पलट्यांपेक्षा वेगळा आहे. पलटा कितीही वेळा फिरवता येतो, त्याला आरंभ-शेवट नसतो. एट्यूड ही पूर्ण रचना असते, तिच्यात एक कौशल्य पणाला लागतं आणि ती श्रोत्यांपुढे वाजवता येते. व्हायोलिनला क्रॉयत्सरचे आणि पियानोला शोपँचे एट्यूड होते, तसे आर्बाँने कॉर्नेटला दिले. पण या चौदांत विसावे फार थोडे. पानभर सलग स्वर, आणि दम संपत आला की नेमकी ताकदीची जागा येते. परतलेला वादक हटकून इथेच थकतो, कारण ही पानं आधीची शेकडो पानं पचवलेल्या विद्यार्थ्यासाठी आहेत.

मूळ एक, फांद्या अनेक. अमेरिकेत बँडनायक सूझाच्या बँडचा कॉर्नेटवादक हर्बर्ट एल. क्लार्क रोजच्या मैफलींत एकल वाजवायचा. ओठ न दमवता बोटं आणि फुंक तयार ठेवणं ही त्याची रोजची गरज होती. 1912 साली त्याने ‘टेक्निकल स्टडीज’ काढलं. त्यातला पहिला अभ्यास अर्ध्या-अर्ध्या स्वरांच्या लहानशा वर्तुळाचा आहे. तो अगदी हळू आवाजात, एका दमात, पुन्हा पुन्हा वाजवायचा, आणि दर वेळी अर्धा स्वर वर सरकायचं. आवाज मुद्दाम दाबून ठेवल्यामुळे ओठांना जोर करण्याची सवयच लागत नाही.

जर्मनीत जन्मलेला वासिली ब्रांट मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरात ट्रम्पेट वाजवत होता. ऑर्केस्ट्रातल्या वादकाला चाळीस-चाळीस मात्रा गप्प बसून अचानक बिनचूक शिरायचं असतं. ब्रांटचे चौतीस एट्यूड ऑर्केस्ट्राच्याच भाषेत, तिथे लागणाऱ्या ठसक्यात बांधलेले आहेत. लाटव्हियातून अमेरिकेत गेलेला मॅक्स श्लॉसबर्ग न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये होता. विद्यार्थ्याची उणीव पाहून तो त्याच्यासाठी स्वतंत्र अभ्यास लिहून द्यायचा. ते कागद 1936 मध्ये त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या जावयाने एकत्र केले. ते पुस्तक लांब स्वरांपासून सुरू होतं. स्वर हळूच उमलवायचा, भरायचा, पुन्हा विरवायचा.

आणि बेल्जियममधल्या लिएजचा तेओ शार्लिए. 1898 साली बाखचा दुसरा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो त्याच्या मूळ उंच पट्टीत वाजवून दाखवणारा हा वादक. त्याच्या काळापर्यंत ट्रम्पेटने कॉर्नेटची चपळाई आत्मसात केली होती, संगीतही गुंतागुंतीचं झालं होतं. त्याचे छत्तीस एट्यूड पॅरिसच्या लेदुक प्रकाशनाने छापले. आजही परीक्षांत आणि निवड-चाचण्यांत त्यांतला दुसरा, शैलीविषयीचा, वारंवार सांगितला जातो. स्वर बरोबर लागतात हे शार्लिए गृहीत धरतो. त्या स्वरांतून वादक काय म्हणतो, हे त्याला ऐकायचं असतं.

ही वंशावळ समोर ठेवली की परतीची वाट आपोआप मांडली जाते. बोटं शाबूत आणि ओठ रिकामे, ही परतलेल्याची स्थिती. म्हणून सुरुवातीचे महिने श्लॉसबर्गच्या लांब स्वरांचे आणि क्लार्कच्या हळू आवाजातल्या पहिल्या अभ्यासाचे. जितका वेळ वाजवलं तितकाच वेळ वाद्य खाली. त्यासोबत आर्बाँच्या धुना घ्याव्यात, कारण त्यांत संगीत आहे आणि थकवा बेताचा आहे. धुना शेवटपर्यंत भरीव स्वरात जाऊ लागल्या की ब्रांट. शार्लिए त्यानंतर, तोही तुकड्या-तुकड्यांनी. प्रत्येक वाक्यानंतर थांबावं. लेखकाने विसावा लिहिलेला नसला तरी आपण तो घ्यावा, त्यात कमीपणा काहीच नाही.

स्वर फुटायच्या आधी थांबायचं, हा नियम मोडू नये. फुटेपर्यंत वाजवलं की ओठ चुकीची पकड शिकतात आणि ती सोडवायला पुढे दुप्पट वेळ जातो. आर्बाँचे चौदा एट्यूड या वाटेच्या टोकाला आहेत. तिथे घाईने पोचण्यापेक्षा ते वाजवता येतील असे ओठ, फुंक आणि कान घेऊन पोचणं महत्त्वाचं. आर्बाँनेही ते ग्रंथाच्या शेवटाकडेच ठेवले आहेत.