दोन खात्यांचं एक खातं

'खातं' हा शब्द आपण बँकेकडून उसना घेतला आणि तिथेच फसलो. बँकेत दोन खाती असली तर एक बंद करून पैसे दुसऱ्यात टाकता येतात. रुपयात रुपया मिसळतो. इंटरनेटवरच्या खात्यांचं तसं होत नाही, आणि यामागे बराच जुना इतिहास आहे.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत फर्नांडो कोर्बातो आणि मंडळींनी एकच कॉम्प्युटर अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी सोय केली. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आला. म्हणजे बघा, खात्याचा जन्मच मुळी वेगळं ठेवण्यासाठी झाला!

पुढे १९९६ मध्ये हॉटमेल आलं. फुकट पत्ता म्हटल्यावर लोकांनी दोन-दोन, चार-चार उघडले. मग ओरड सुरू झाली, इतके पासवर्ड लक्षात कोण ठेवणार? १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'पासपोर्ट' काढलं. एक किल्ली, सगळी दारं. त्याच वर्षी नाताळात गंमत झाली. त्या साइटच्या नावाची फी भरायची राहून गेली आणि हॉटमेलवाल्या अनेकांना आत जाता येईना. शेवटी एका लिनक्सवाल्या प्रोग्रामरने स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून ३५ डॉलर भरले. (मायक्रोसॉफ्टचे पैसे लिनक्सवाल्याने भरावेत, हे मला आजही गुदगुल्या करतं.)

२००५ मध्ये लाइव्हजर्नलच्या ब्रॅड फिट्झपॅट्रिकने ओपनआयडी काढलं, २००८ मध्ये फेसबुक कनेक्ट आलं. पण हे सगळे प्रयत्न एका किल्लीने अनेक घरं उघडण्याचे. एकाच घरातल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडण्याकडे फारसं कुणी वळलंच नाही. फ्लिकरच्या जुन्या सभासदांना २००७ मध्ये याहूचं खातं जोडायला लावलं, तेही कंपनीच्या सोयीने. लोक भयंकर चिडले होते.

कंपन्यांची बाजूही अगदीच खोटी नाही. मशीनच्या लेखी आपण म्हणजे एक नंबर. पत्रं, फोटो, विकत घेतलेली गाणी, सगळं त्या नंबराला बांधलेलं. शिवाय दोन्ही खाती एकाच माणसाची, हे ठरवायचं कसं? चोरही तेच सांगणार! ॲपलने २०२५ च्या फेब्रुवारीत एका खात्यातली खरेदी दुसऱ्यात न्यायची सोय दिली, तीही सुरुवातीला भारताला वगळून. असो.

माझी एकाच कंपनीकडे दोन खाती आहेत. एकात बाबांची पत्रं, दुसऱ्यात ते गेल्यानंतरचं सगळं. पत्रं फॉरवर्ड करून पाहिली, तर त्यांच्या पत्रावर पाठवणारा म्हणून माझं नाव आणि आजची तारीख. ते नको वाटलं.

आणि खातं तसंच पडू देणंही धोक्याचं. दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकू, असं गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केलं आणि डिसेंबरपासून तशी सुरुवातही केली. त्यामुळे कंपनी कुठलीही असो, जुन्या खात्यात मी दर पाडव्याला आणि दसऱ्याला जाऊन येतो. एखादं पत्र उघडतो. बाबा बहुतेक पत्रांत पावसाबद्दलच लिहायचे.

तेव्हा भावंडांनो, जुन्या पत्त्यावर मेल पाठवलीत तरी पोचेल. उत्तराला दसरा उजाडेल इतकंच.