आमचा रविवार सोमवारी यायचा

दादरच्या बाजारात पूर्वी सोमवारी गेलं, की बऱ्याच दुकानांची शटरं खाली दिसायची. माझे अब्बा परळच्या एका लहानशा शिवणकामाच्या दुकानात कारागीर होते. तेही सोमवारी घरी असत. आम्हा भावंडांचा रविवार सोमवारीच यायचा. ही सुट्टी शेठच्या मर्जीची नव्हती, कायद्याची होती, हे मला फार उशिरा कळलं.

मंडळी, आठवड्याच्या सुट्टीची मागणी जोरात झाली तीही याच परळमध्ये. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी तिथे गिरणी कामगारांची सभा भरवली. लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. सभेतल्या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर. आणखी एक मागणी होती: कामावर इजा झाली तर माणूस बरा होईपर्यंत त्याला पगार मिळावा. रविवार हा खंडोबाचा वार, तो कामगाराला मिळालाच पाहिजे, असं लोखंडे सांगत. अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

पण ही सुट्टी गिरणीच्या फाटकाबाहेर आली नाही. पेढीवरचा गुमास्ता, वाण्याकडचा पोऱ्या, खानावळीतला वाढपी यांना आणखी जवळजवळ पन्नास वर्षं थांबावं लागलं. मुंबई प्रांताने १९३९ साली दुकानांसाठी कायदा केला. अशा प्रकारचा तो देशातला पहिला कायदा. त्याची जागा १९४८ च्या कायद्याने घेतली. लोक त्याला आजही गुमास्ता कायदा म्हणतात. दुकानात एकच नोकर असला तरी तो लागू होता. आठवड्याची सुट्टी द्यायची, तिचा पगार कापायचा नाही, हजेरी लिहायची, भरपगारी रजा द्यायची. अब्बांचा सोमवार तिथून आला.

लोखंड्यांची ती दुसरी मागणी मात्र अब्बांपर्यंत पोचली नाही. राज्य विमा योजना मुंबईत १९५४ साली सुरू झाली, पण ती कारखान्यांसाठी. आमच्या दुकानात शेठ धरून पाच माणसं. एकदा मशीनची सुई अब्बांच्या बोटातून आरपार गेली. आठ दिवस ते घरी बसले, आठ दिवसांची मजुरी गेली. शेठ वाईट नव्हते. त्यांनी डब्यातून सरबत पाठवलं. पण सरबत म्हणजे पगार नव्हे.

आजही विम्यासाठी साधारण दहा माणसं लागतात, भविष्य निर्वाह निधीसाठी वीस. २०१७ साली राज्याने दुकानांचा नवा कायदा केला, तेव्हा तोही दहा माणसांपासून पुढे लागू झाला. त्याहून लहान दुकानांनी फक्त कळवायचं. लहान दुकानदाराला रजिस्टरं आणि चलनं सांभाळणं जड जातं, हे मी नाकारत नाही. अर्धा दिवस त्यातच जातो. पण सुई बोटात शिरताना दुकानातली माणसं मोजत नाही.

पुढच्या वेळी कपडे शिवायला टाकाल, तेव्हा कारागिराला सहज विचारा, "चाचा, तुमची सुट्टी कोणत्या वारी असते?" त्यांना वार चटकन सांगता आला, तर लोखंडे त्या दुकानापर्यंत पोचले असं समजा.