गाठीवरची सुरी

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात (स्थापना १८८६) शिकलो आणि देवनारला मांसतपासणी केली. आता बंगळुरूला इंदिरानगरात मुलाकडे असतो.

मांसतपासणीत आम्ही शोधायचो त्या क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये दाखवला. १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत त्यानेच सांगितलं, गुरांच्या क्षयाची माणसाला फारशी भीती नाही. ब्रिटिश शाही आयोगाने १९११ च्या अंतिम अहवालात ते खोडून काढलं. एवढ्या थोर माणसाचा शब्दही तपासून घेतला, याचं मला फार मोल वाटतं.

आमची तपासणी मात्र हाताची. म्हशीचं फुफ्फुस आधी चाचपायचं, मग घशामागच्या, श्वासनलिकेजवळच्या, आतड्यालगतच्या लसीकाग्रंथी चिरायच्या. निरोगी गाठ ओलसर, एकसारखी. क्षयाची पिवळट, भुसभुशीत; चुना साचला असला की सुरी करकरते, आणि ते कानाआधी मनगटाला कळतं. रोग एका अवयवापुरता असेल तर तेवढाच भाग बाद, अंगभर पसरला असेल तर अख्खं जनावर. धडधाकट दिसणाऱ्या जनावरातही तो सापडतो. खाटकाचं नुकसान डोळ्यांदेखत व्हायचं, तरी शिक्का द्यायचा नाही.

मांस घेताना तपासणीचा शिक्का विचारा. आणि दूध उकळल्याशिवाय पिऊ नका. गुरांचा क्षय माणसात मुख्यतः कच्च्या दुधातूनच येतो.