आत्याबाईच्या मिशा आणि स्वीडनचे रस्ते

इतिहासात जर-तर काढलं की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!’ विषय तिथेच संपतो. स्वीडनच्या रस्त्यांबद्दल मात्र तो संपत नाही.

१९५५ साली स्वीडनमध्ये वाहतूक डावीकडून होती. शेजारच्या नॉर्वे-फिनलंडमध्ये उजवीकडून. त्यात स्वीडनमधल्या बहुतेक मोटारींचं स्टिअरिंगही डाव्या बाजूला. त्यामुळे ओव्हरटेक करताना समोरचं धड दिसायचं नाही. तरीही सार्वमतात सुमारे ८३ टक्के लोकांनी बदल नाकारला. १९६३ मध्ये संसदेनं तो तरीही मंजूर केला. ३ सप्टेंबर १९६७, रविवार. पहाटे ४.५० ला रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या, बाजू बदलून उभ्या राहिल्या आणि ५ वाजता उजवीकडून निघाल्या.

संसदेनं हे केलं नसतं तर? ‘सोयीचं होतं, आज ना उद्या झालंच असतं,’ असं मलाही वाटायचं. मग एका रविवारी लॅपटॉपवर छोटं सिम्युलेशन लिहिलं. नियम एकच: बहुतेक जण ज्या बाजूनं जातात, ती बाजू धरा. सुरुवातीला ५१ टक्के डावीकडे ठेवले, तर पुढच्या फेरीत सगळे डावीकडे. ४९ ठेवले, तर सगळे उजवीकडे. कोड तोच, शेवट दोन.

अर्थशास्त्रात याला एकाहून अधिक समतोल म्हणतात. अशा ठिकाणी ‘काय सोयीचं होतं?’ एवढं विचारून भागत नाही. लोक आधी कुठे उभे होते आणि सगळ्यांना एकदम हलवणारं कुणी होतं का, हेही विचारावं लागतं. एकट्यानं बाजू बदलणारा ड्रायव्हर सुधारक ठरत नाही, समोरच्या ट्रकवर आदळतो.

आपला गोवाच बघा. पोर्तुगालनं १९२८ मध्ये उजवी बाजू स्वीकारली, पण त्यांच्या ताब्यातला गोवा डावीकडेच राहिला. सीमेपलीकडे ब्रिटिश हिंदुस्थान डावीकडून चालत होता. हुकूम लिस्बनचा असला, तरी रस्ता बेळगावला जाणार होता.

म्हणून माझं उत्तर असं: तो कायदा झाला नसता, तर स्वीडन बहुधा आजही डावीकडेच असतं. गाड्या वाढत गेल्या असत्या, तसा बदल दरवर्षी महाग झाला असता. आणि आपण म्हटलं असतं, ‘त्या लोकांना तेच आवडतं.’