पिंकर्टनचे पहारेकरी आणि १८९३ चा कायदा

६ जुलै १८९२ च्या पहाटे पेनसिल्व्हेनियातल्या होमस्टेडच्या किनाऱ्याला दोन बार्ज लागले. आत पिंकर्टन डिटेक्टिव्ह एजन्सीची सुमारे ३०० माणसं होती. कार्नेगी स्टीलच्या हेन्री फ्रिकने संपाच्या काळात कारखाना ताब्यात घ्यायला ती मागवली होती.

कामगार वाटच पाहत होते. दिवसभर गोळीबार चालला, दोन्हीकडची माणसं मेली आणि संध्याकाळी पिंकर्टनवाले शरण आले. मजुरी वाचवण्यासाठी भांडणाऱ्यांवर मालकाने भाडोत्री फौज आणावी, हे देशाला झोंबलं. झोंबायलाच हवं होतं.

अमेरिकी काँग्रेसने चौकशी केली आणि १८९३ मध्ये कायदा झाला: पिंकर्टन किंवा तसल्या संस्थेच्या नोकराला केंद्र सरकारने कामावर घेऊ नये. यादवी युद्धात याच एजन्सीचा संस्थापक ॲलन पिंकर्टन याने सरकारसाठी हेरगिरी केली होती! खासगी कारखानदारांना मात्र कायद्याने हातही लावला नाही. कामगारांच्या दृष्टीने ही मोठीच उणीव.

१९७७ मध्ये अपील न्यायालयाने बंदी आणखी आखडली. भाड्याने निमलष्करी सशस्त्र दल पुरवणाऱ्या संस्थाच तीत मोडतात, असं ठरलं. साध्या पहारेकऱ्यांचा मार्ग मोकळा झाला. पुढे इराकमध्ये अमेरिकी मुत्सद्द्यांभोवतीही खासगी बंदूकधारी दिसू लागले. २००७ मध्ये बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या खासगी सुरक्षा कंपनीच्या माणसांनी नागरिकांवर गोळ्या झाडल्या, तेव्हाही १८९३ चं ते कलम कायद्याच्या पुस्तकात होतं.