तृणमणि आणि रत्नागिरीची राळ

रत्नागिरी या नांवांत रत्न आहे. परंतु तेथील चिरेखाणींतून निघतो तो तांबडा जांभाच. या जांभ्याचा थर भेदून विहीर खालीं गेली म्हणजे कांहीं ठिकाणीं चिकणमाती लागते व तींत दबलेला काळा, अपक्व कोळसा सांपडतो. यास लिग्नाइट म्हणतात. मुंबईंत वैद्यकीय चाकरीस असलेले डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनीं 1857 सालीं पश्चिम हिंदुस्थानविषयींचे भूस्तरशास्त्रीय निबंध एकत्र छापून प्रसिद्ध केले. त्या काळच्या अभ्यासकांचें लक्ष या थरांतील लांकूड, पानें व जुनी राळ यांकडे गेलें होतें. राळ हीच तृणमण्याची माता होय. तेव्हां रत्नागिरीच्या पोटांत तिच्या नांवास साजेसें रत्न आहे काय, हा प्रश्न आम्हांस विचारण्याजोगा वाटतो.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. लोंकरीवर घासला असतां जो गवताची काडी ओढून घेतो तो तृणमणि. फारशींतील 'काहरुबा' या शब्दाचा अर्थही काडी हरण करणारा असाच आहे. ग्रीक लोक यास 'इलेक्ट्रॉन' म्हणत. त्यावरूनच 1600 सालीं विल्यम गिल्बर्ट यानें या आकर्षणास नांव दिलें व पुढें युरोपांत विजेचें नामकरण झालें. 'अंबर' म्हणून जो सुगंधी पदार्थ क्वचित् कोंकणच्या किनाऱ्यास लागतो तो निराळा. तो स्पर्म व्हेल या प्राण्याच्या आंतड्यांत तयार होतो, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें त्याचा व्यापार हा गुन्हा आहे. युरोपांत या दोहोंस एकच नांव पडल्यामुळें हा गोंधळ आपल्याकडेही आला.

आतां तृणमण्याच्या जाती पाहूं. बाल्टिक समुद्राकांठचा तृणमणि सर्वांत प्रसिद्ध. तो सुमारें चार कोटी वर्षांपूर्वीच्या वनांतला असून त्यांत सक्सिनिक नांवाचें आम्ल शेंकडा 3 ते 8 असतें. हेंच त्याचें ओळखचिन्ह. त्यांतील कांहीं खडे मधासारखे पारदर्शक, तर कांहीं लोण्यासारखे अपारदर्शक असतात. हा भेद जातीचा नव्हे; आंत अडकलेल्या असंख्य सूक्ष्म बुडबुड्यांमुळें तो होतो, व असा खडा तेलांत सावकाश तापविल्यास निवळतोही.

दुसरी जात ब्रह्मदेशची. तिच्याशीं रत्नागिरीचा एक विलक्षण ऋणानुबंध आहे. 1885 सालीं पदच्युत झालेला थिबा राजा 1886 पासून 1916 सालीं मरेपर्यंत रत्नागिरींत बंदिवासांत राहिला. त्याच्या गेलेल्या राज्याच्या उत्तरेस हुकाँग खोऱ्यांत तृणमण्याच्या खाणी आहेत. तेथील माल मंडालेस येऊन त्याचे मणी व कर्णभूषणें होत. हा तृणमणि तांबूस, बाल्टिकहून किंचित् कठीण व सुमारें 9 कोटी 90 लक्ष वर्षांचा आहे. 2017 सालीं तेथील सैन्यानें या खाणींचा ताबा घेतल्यापासून त्याच्या विक्रीस रक्ताचा डाग लागला, म्हणून 2020 सालीं पाश्चात्त्य जीवाश्म-अभ्यासकांच्या एका संस्थेनें, त्यानंतर विकत घेतलेल्या खड्यांवरील संशोधन छापूं नये, असें नियतकालिकांस विनविलें.

तिसरी जात वेस्ट इंडीजमधील डोमिनिकन प्रजासत्ताकाची. ती हायमीनिया या शेंगावर्गीय वृक्षाची. वय सुमारें दीड ते दोन कोटी वर्षें, म्हणजे भूशास्त्राच्या मायोसीन युगांतली. तिचे कांहीं खडे उन्हांत निळी झांक दाखवितात. याच वृक्षाच्या आफ्रिकन भावंडाची कोवळी राळ, जिला आपण चंद्रूस म्हणतों ती, झांजीबारहून मुंबईमार्गें युरोपांत जाई व तेथें 'मुंबईचा कोपल' म्हणूनच विकली जाई. वृक्षाचें कुळ एकच. परंतु काळाची भट्टी न मिळाल्यामुळें एक रत्न झालें व दुसरें रोगणाच्या डब्यांत गेलें.

मग केवळ वयानें रत्न होतें काय? तसेंही नाहीं. सुरतेजवळील वस्तानच्या लिग्नाइट खाणींत पांच कोटी वर्षांहून जुना तृणमणि सांपडला. तो बाल्टिकहून वडील. तथापि ठिसूळ, व द्रावकांत विरघळणारा. कारण तो शालवृक्षाच्या, म्हणजे आपल्या बाजारांतील राळेच्याच, कुळांतला आहे. सारांश, रत्न होण्यास वय आणि कूळ दोन्हीं लागतात.

ग्राहकानेंही हेंच ध्यानीं ठेवावें. मिठाच्या संपृक्त पाण्यांत तृणमणि तरंगतो, कांच व बेकेलाइट बुडतात. पण कोपलही तरंगतो. त्याची पारख करावयाची तर अॅसिटोनचा थेंब टाकून पाहावा. कोपल चिकट होतो, पक्व बाल्टिक तृणमणि होत नाहीं.

रत्नागिरीचे थर मायोसीन युगांतले, म्हणजे डोमिनिकन तृणमण्याच्याच युगांतले मानले जातात. पण कोळशांत विखुरलेल्या त्या राळेच्या कणांचा मणी होणार नाहीं. म्हणून ती निरुपयोगी ठरते काय? मुळींच नाहीं. सोनारास नकोशा त्या वस्तानच्या तृणमण्यांतून 2010 सालीं 7 शेंहून अधिक कीटकादि जीव अभ्यासकांच्या हातीं लागले. त्यांचे आप्त युरोपांत व आशियांत आढळतात. त्यामुळें हिंदुस्थान त्या काळीं समुद्रांत अगदीं एकाकी तरंगत होता, या समजुतीस धक्का बसला. दागिन्याच्या दृष्टीनें हीन ठरलेल्या राळेनें एका उपखंडाचा इतिहास सुधारला.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, विहीर खणतांना काळी माती लागली तर कोंकणवासीयांनीं ती चिऱ्यांच्या ढिगामागें फेंकून न देतां जवळच्या महाविद्यालयांत दाखवावी. त्या मातींत कोंकणच्या जुन्या अरण्याची कथा आहे. ती गळ्यांत घालतां येणार नाहीं, पण वाचतां येईल. आणि रत्नागिरीचें नांव सार्थ करण्यास तेवढें आम्हांस पुरेसें वाटतें.