कुणबीण (दास्यवाचक संज्ञा)

कुणबीण ही मराठेशाहीतील, विशेषतः अठराव्या शतकातील, कागदपत्रांत दासीसाठी वापरली जाणारी संज्ञा आहे. बटीक आणि दासी हे तिचे समानार्थी शब्द होत. कुणबी जातीची स्त्री असाही कुणबीण या शब्दाचा अर्थ असल्याने नेमका अर्थ संदर्भावरून ठरवावा लागतो.

पार्श्वभूमी

युद्धात पकडलेल्या, दुष्काळात विकल्या गेलेल्या किंवा शिंदळकीच्या (व्यभिचाराच्या) आरोपावरून सरकारजमा झालेल्या स्त्रिया कुणबिणी होत. त्यांची खरेदी-विक्री होई. त्यांच्या मुलांवरही धन्याची मालकी असे. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात गुलामीची कायदेशीर मान्यता संपली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने गुलामांची खरेदी-विक्री दंडनीय ठरवली.

संबंधवाचक शब्द

धनी आणि दासी यांच्या शरीरसंबंधासाठी मराठीत स्वतंत्र शब्द नाही. राख, ठेवलेली बाई, अंगवस्त्र, नाटकशाळा हे शब्द स्वतंत्र आणि दास्यातील अशा दोन्ही स्त्रियांना लावले जात. त्यामुळे संबंधित स्त्रीला नकार देण्याची वा निघून जाण्याची मुभा होती का, हे या शब्दांवरून कळत नाही. उलट, ‘कुणबीण’ या नोंदीतून मालकी कळते, पण शरीरसंबंध झाकलेला राहतो. ‘राखणे’ आणि ‘ठेवणे’ या क्रियापदांत स्त्री हे कर्म असते. राखणाऱ्या पुरुषाला मात्र तसे निंदाव्यंजक नाव नाही. ‘धनी’ या शब्दाचे मालक आणि नवरा असे दोन्ही अर्थ होतात.

अपत्यवाचक शब्द

अशा संबंधांतील मुलाला लेकावळा किंवा दासीपुत्र म्हणत. मिताक्षरेनुसार शूद्राच्या दासीपुत्राला पित्याच्या मालमत्तेत मर्यादित वाटा मिळे; इतर वर्णांत केवळ पोटगी. ब्रिटिशकालीन न्यायालयांनी ‘दासी’ या शब्दाचा अर्थ कायम राखलेली स्त्री असा विस्तारला. बारा माशांच्या तोळ्यात एक मासा कमी, या कल्पनेवरून आलेला ‘अक्करमाशी’ हा शब्द शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४ मधील आत्मकथनाचे शीर्षक आहे.

विरूबाई

छत्रपती शाहू यांच्या विरूबाई मूळच्या दासी मानल्या जातात. राजवाड्याच्या कारभारात त्यांचा मोठा अधिकार होता आणि अक्कलकोटचे फत्तेसिंह भोसले त्यांना मातेसमान मानत. दासी, राख आणि राणीतुल्य स्त्री यांपैकी कोणताही एक शब्द त्यांचे स्थान पुरते सांगत नाही.

इतिहासलेखन

सुमित गुहा, उमा चक्रवर्ती आणि हिरोशी फुकाझावा यांनी पेशवेकालीन दास्याचा अभ्यास केला आहे. अमेरिकेत थॉमस जेफरसन यांच्या मालकीच्या सॅली हेमिंग्ज यांना ‘मिस्ट्रेस’ म्हणावे का, हा वादही याच स्वरूपाचा आहे: प्रेयसीवाचक शब्दाने मालकीतील सक्ती झाकली जाते, असा आक्षेप त्यात घेतला जातो.

सद्यकालीन वापर

‘सत्तेची बटीक’ यासारख्या प्रयोगांत बटीक हा शब्द आज केवळ लाचारीवाचक उरला आहे. विकल्या जाणाऱ्या स्त्रीशी असलेला त्याचा संबंध सहसा लक्षात येत नाही.